मजबूत म्हणजे नेमके काय?

जबलपूरच्या आसपास, नर्मदेच्या खोऱ्यात, काळ्या मातीच्या पट्ट्याला ‘हवेली’ म्हणतात. पावसाळ्यात बांध घालून शेतात पाणी साठवायचे, ऑक्टोबरात ते सोडून द्यायचे आणि त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, ही इथली जुनी रीत. मे महिन्यात याच शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मातीतील माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे पातळ थर पाण्याने फुगतात आणि पाणी गेले की आकसतात. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना ही माती वेगळी सांगायला नको.

गंमत अशी, की आधुनिक नॅनोकंपोझिटची कथा याच खनिजापासून सुरू होते. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमधील टोयोटाच्या प्रयोगशाळेने माँटमोरिलोनाइटचे सुमारे 1 नॅनोमीटर जाडीचे थर नायलॉनमध्ये सुटे करून दाखवले. वजनाने 5 टक्क्यांहून कमी माती मिसळून नायलॉनची ताठरता जवळजवळ दुप्पट झाली आणि भाराखाली वाकण्याचे तापमान 65 अंश सेल्सिअसवरून 140 च्या पुढे गेले. आघात सोसण्याची शक्ती मात्र त्या प्रमाणात वाढली नाही.

विज्ञानवार्तांमध्ये नेमके हे शेवटचे वाक्य गळते. ‘नॅनोकणांमुळे प्लॅस्टिक इतके टक्के मजबूत’ असा मथळा वाचला की माझा पहिला प्रश्न असतो: मजबूत म्हणजे काय? वाकायला नकार देणे ही ताठरता, तुटेपर्यंत भार पेलणे हे सामर्थ्य, आणि एकदा तडा गेल्यावर तो पुढे सरकू न देणे हा चिवटपणा. चिनी मातीची बशी ताठर असते, चामड्याची वादी चिवट असते. मराठीत तिन्ही शब्द असताना आपण एकाच शब्दावर भागवतो, हे मला पटत नाही.

हा शब्दच्छल नव्हे. ‘तेजस’ विमानाच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे 45 टक्के कंपोझिट आहे. अशा कार्बन तंतूंच्या थरांना धरून ठेवणारे इपॉक्सी ठिसूळ असते. देखभाल करणाऱ्याच्या हातून एखादा पाना पडला, तर वरून काही दिसत नाही आणि आत थर सुटलेले असतात. तिथे प्रश्न चिवटपणाचा असतो. तडा पुढे सरकायला ऊर्जा लागते, हे ग्रिफिथने 1920 मध्येच मांडले होते. ती ऊर्जा वाढवायची कशी, एवढाच मुद्दा आहे.

रबराचे कण घालणे हा जुना उपाय. त्याने चिवटपणा येतो, पण ताठरता घटते. नॅनोसिलिका इथे कामाला येते. 2007 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील किनलॉक, टेलर आणि सहकाऱ्यांनी इपॉक्सीत आकारमानाने सुमारे 13 टक्के नॅनोसिलिका घातली, तेव्हा भंगऊर्जा दर चौरस मीटरला 100 जूलवरून 460 जूलवर गेली. सुमारे 20 नॅनोमीटरचा कण तड्याला भिंतीसारखा अडवतो, ही समजूत मात्र अपुरी आहे. तड्याच्या टोकाशी ताण वाढला की कण इपॉक्सीपासून सुटतो, त्याच्याभोवती सूक्ष्म पोकळी वाढते आणि ती वाढताना भोवतालचे इपॉक्सी कायमचे ताणले जाते. ऊर्जा खर्च होते ती तिथे. प्रत्यक्ष कंपोझिटमध्ये तंतूंच्या मधली जागा इतकी अरुंद असते, की या ताणाला वाव कमी मिळतो आणि शुद्ध इपॉक्सीतला सारा लाभ पदरात पडत नाही. मथळ्यात हेही नसते.

शिवाय हे सारे कण सुटे राहिले तर. गुठळी झाली की तिथूनच तडा सुरू होतो. केंद्र शासनाचे नॅनो मिशन 2007 साली सुरू झाले. उपकरणे आली, शोधनिबंध वाढले. पण कण मिसळून फक्त ताणचाचणी करायची आणि चांगला आकडा छापायचा, ही सवय आपल्याकडे अजून फार आहे. चिवटपणा मोजायचा तर नमुन्यात खाच पाडून तिच्या टोकाशी ब्लेडने टोकदार तडा द्यावा लागतो. खाच बोथट राहिली तर आकडा खोटाच मोठा येतो. हे काम कंटाळवाणे आहे, आणि त्यात निम्मे नमुने वाया जातात.

माझ्या पीएच.डी.च्या काळात सात नमुन्यांपैकी तीन, कण न घातलेल्या इपॉक्सीपेक्षाही आधी तुटले. ‘ते वगळा, मिसळणे चुकले असेल,’ असा सल्ला मिळाला. मी वगळले. सरासरी सुंदर आली, निबंध छापला गेला. पुढे ते तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तिन्हींत तड्याच्या उगमाशी सिलिकाची गुठळी होती. त्या कामातली सर्वांत उपयोगी माहिती तीच होती आणि ती माझ्या वहीतच राहिली.

गेल्या आठवड्यात एक विद्यार्थिनी असेच दोन कमी आकडे घेऊन आली आणि तिने विचारले, “मॅडम, हे काढून टाकू का?” ते तक्त्यात तसेच ठेवायला आणि शेजारी गुठळीचे छायाचित्र लावायला मी तिला सांगितले आहे.