नकाशा भिंतीवर असतानाच बोला

गावाच्या कडेचे एखादे शेत विकले जाते, भोवती पत्र्याचे कुंपण पडते, फलकावर लाल कौलांची चित्रातली घरे झळकू लागतात आणि शेजारच्या कॉलनीत कुजबुज सुरू होते, ‘इथे म्हणे साठ रो-हाउसेस होणार!’ मग निवेदन लिहिले जाते, सह्या गोळा होतात, चार ज्येष्ठ मंडळी महापालिकेत जातात. तिथे शांतपणे सांगण्यात येते की, ले-आउट केव्हाच मंजूर झाला. मंडळी चडफडत परततात.

यात दोष कुणाचा? १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने शहराच्या विकास आराखड्यावर बोलण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते, पुढे सुनावणी होते. परंतु आराखडा साधारण वीस वर्षांतून एकदा येतो. मधल्या काळात एकेका जमिनीवर किती घरे, कुठला रस्ता, कुठली मोकळी जागा, हे मालक, वास्तुविशारद आणि बांधकाम परवानगी खाते यांच्यात ठरते. शेजाऱ्याला कुणी विचारत नाही; तसे बंधनच नाही. इंग्लंडमध्ये अशा अर्जाची सूचना जागेवर लावावी लागते किंवा शेजाऱ्यांना कळवावी लागते आणि मत मांडायला किमान २१ दिवस असतात. अमेरिकेतल्या अनेक गावांत तर जोडघरांच्या प्रस्तावावर नियोजन मंडळापुढे उघड सुनावणी होते.

आपल्या लोकांना यात रस नाही, असे म्हणण्याची सोय नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आपल्या हाती घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी दिली. संधी दिसली की माणसे बोलतात. प्रश्न एवढाच की, बोलायचे काय?

इथे मात्र आपणही स्वतःला तपासले पाहिजे. ‘कोण लोक येतील राहायला?’, ‘आमच्या गॅलरीतून टेकडी दिसणार नाही’ ही कुरकुर नियोजनात बसत नाही. आपणही कधीतरी कुणाच्या तरी शेतावर नवे रहिवासी म्हणूनच आलो. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर पुण्यात गोखलेनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांचे संसार पुन्हा उभे राहिले. जुन्या रहिवाशांनी तेव्हा दारे लावून घेतली असती, तर ते कुठे गेले असते? शिवाय सुनावणीला हजर राहू न शकणारा एक पक्ष नेहमीच असतो: ज्याने अजून घर घेतलेले नाही, तो.

विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. पाणी कुठून येणार? सांडपाणी कुठे जाणार? रस्त्याची रुंदी कागदावर किती आणि जागेवर किती? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या जमिनीतून पावसाळ्यात वाहणारा ओढा नकाशात कुठे आहे? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला आणि सहकारनगर, अरण्येश्वर परिसरात पाणी घराघरांत शिरले. त्या रात्री पुणे परिसरात माणसे दगावली, संसार वाहून गेले. ओढा आपली वाट विसरत नाही. विसरतो तो नकाशा. आणि ही वाट कुठून जाते, हे शेजारी तीस वर्षे राहिलेल्या माणसाला खात्यातल्या नव्या अभियंत्यापेक्षा जास्त माहीत असते.

बँकेत घरकर्जाच्या फायली हाताळताना एक गोष्ट वारंवार दिसे. सात-बारा, बिगरशेतीचा आदेश, सर्च रिपोर्ट, मंजूर नकाशा असे सगळे कागद फायलीत असत. ग्राहक हप्ता किती बसेल ते दहादा विचारी, पण नकाशा उलगडून पाहणारा विरळा. चार हजार चौरस मीटरहून मोठ्या जमिनीच्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती जागा मध्यभागी मुलांना खेळण्याजोगी आहे की ओढ्याकाठच्या उतारावर, हे त्या नकाशातच दिसते. वीस वर्षांचे कर्ज ज्या कागदावर उभे राहते, तो कागद वीस मिनिटे पाहायला काय हरकत आहे?

म्हणून मागणी साधी आहे. ज्या ले-आउटला मोकळ्या जागेचा नियम लागू होतो, त्या प्रत्येकाचा नकाशा मंजुरीआधी पंधरा दिवस जागेवर आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. पाणी, सांडपाणी, रस्ता, ओढा आणि मोकळी जागा एवढ्याच विषयांवर लेखी सूचना घ्याव्यात आणि प्रत्येकीला लेखी उत्तर द्यावे. यातून अडवणूक होईल, घरे महागतील, अशी भीती बिल्डर मंडळी घालतील. ती अगदीच खोटी नाही. म्हणूनच विषय मोजके आणि मुदत पक्की हवी. परंतु पंधरा दिवसांच्या उशिराने घर जितके महागेल, त्याहून कितीतरी महाग पडते ते मध्यरात्री पाणी शिरलेले घर.