‘मले’वरची लाल रेघ

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, उन्हाचा कहर ओसरल्यावर, जूनच्या अखेरीस उघडतात. बुलढाणा जिल्ह्यात त्या दिवशी कितीतरी मुले गावची जिल्हा परिषदेची शाळा मागे टाकून तालुक्याच्या किंवा शेजारच्या मोठ्या गावच्या हायस्कुलात दाखल होतात. कोणी पाचवीत, कोणी आठवीत, कोणी नववीत. फाटकाशी रांगोळी असते, गुलाबपुष्प असते, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे भाषण असते. नव्या विद्यार्थ्याने येथे कशाची अपेक्षा ठेवावी, हे त्या भाषणात सविस्तर येते. आता दिवसभर एकच गुरुजी नसतील, तासिकेगणिक शिक्षक बदलतील. प्रयोगशाळा असेल, ग्रंथालय असेल. आठवीपासून संयुक्त हिंदी-संस्कृत घेता येईल. आणि दहावीचे वर्ष वाटते तितके दूर नाही. हे सारे खरेच आहे. न सांगितलेली गोष्ट एकच. पहिल्या पंधरवड्यात या मुलाला असा एक धडा दिला जाणार आहे, जो कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेला नाही: तू आजवर जे बोलत आलास ते चूक आहे.

मराठीच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना उद्देशून आम्ही हे लिहीत आहोत, कारण हा धडा इंग्रजीच्या तासाला दिला जात नाही. तो मराठीच्या तासाला दिला जातो. आणि तो देणारी माणसे आपल्याच विभागांतून पदव्या घेऊन बाहेर पडलेली असतात.

प्रसंग साधा असतो. गावाकडून एसटीने आलेला मुलगा उभा राहून म्हणतो, “सर, मले पानी प्याले जाऊ द्या.” वर्गातली तालुक्याची मुले फिदीफिदी हसतात. शिक्षक रागावत नाहीत, बहुतेकदा तेही हसतात, आणि म्हणतात, “मले नाही रे, मला. नीट बोल.” पुढच्या आठवड्यात निबंधाची वही परत मिळते. तिच्यात ‘डोया’खाली रेघ, ‘काहून’खाली रेघ, ‘मी शेतात जाऊन राह्यलो होतो’ या संपूर्ण वाक्याखाली रेघ. मूल हुशार असते. ते दोन गोष्टी एकदम शिकते. पहिली, ‘मला’ हे रूप. दुसरी, वर्गात शक्यतो तोंड उघडू नये. पहिली गोष्ट शिकवल्याबद्दल शाळेचे कौतुक व्हावे. दुसरी गोष्ट परीक्षेत विचारली जात नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही; पण दहावीच्या वर्गातल्या मागच्या बाकांवरची शांतता ज्यांनी अनुभवली आहे त्यांना तिचा उगम ठाऊक असेल.

वास्तविक त्या रेघांखाली जे दबले आहे ते व्याकरणच आहे. विशेषतः घाटाखालच्या तालुक्यांत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो तो हटकून येतो: डोळा–डोया, काळा–काया, केळं–केयं. ज्याला अपवाद नाही त्याला आळस म्हणत नाहीत, नियम म्हणतात. ‘मले, तुले, रामाले’ यांतील ‘ले’ हा चतुर्थीचा प्रत्यय आहे, ‘ला’इतकाच नेमका आणि ‘ला’इतकाच निरागस. ‘जाऊन राह्यलो’ हे रूप क्रिया चालू असल्याचे दाखवते. ‘ही तर हिंदीची छाप’ असे म्हणून ते झटकून टाकण्याची पद्धत आहे. परंतु शेजारच्या भाषेशी सोयरीक न करता वाढलेली कोणती मराठी आम्हांला दाखवता येईल? पुण्याच्या मराठीतील फारसी शब्द उपसून काढले तर कचेरीतला कारभार एक दिवस चालणार नाही. 

शुद्धलेखनाच्या नियमांचा दाखला हमखास पुढे केला जातो, म्हणून तेही पाहू. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. बोलण्यातली भाषा लेखनात जशीच्या तशी उतरवायची असेल तेव्हा ‘केलं’, ‘म्हटलं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे चालतील, अशी मुभा त्यांत आहे. चांगलीच गोष्ट आहे. म्हणजे बोलीला लेखनात जागा असू शकते हे तत्त्व नियमकर्त्यांनी मान्य केले. फक्त ती बोली कोणत्या गावची, हे त्यांनी न बोलता ठरवून टाकले. ‘केलं’ हे शिष्टसंमत बोलणे आणि ‘मले’ हे अशुद्ध लेखन, ही विभागणी भाषाशास्त्राने केलेली नाही. (जाता जाता: आमच्या जिल्ह्याचे नाव ‘बुलडाणा’ की ‘बुलढाणा’ याविषयी कित्येक वर्षे फलकाफलकांवर मतभेद नांदले आहेत. ‘ड’ला ‘ढ’ म्हणणाऱ्या पाटीखालून रोज जाणाऱ्या मुलाची वही मात्र निर्दोष हवी.)

आता आपल्याकडे वळू. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य सांगण्यासाठी पदवीच्या आणि पदव्युत्तर वर्गांत तिच्याइतके दुसऱ्या कोणत्याही कादंबरीचे नाव घेतले जात नसेल. कौतिकची भाषा किती अस्सल, किती जिवंत, यावर आपण टिपणे लिहून देतो, चर्चासत्रांत निबंध वाचतो. त्याच बोलीतले वाक्य आठवीच्या वहीत आले की ते अस्सल राहत नाही, अडाणी होते. बोली कादंबरीतल्या पात्राने बोलली तर वास्तवदर्शन आणि हाडामांसाच्या पोराने बोलली तर दोष, हा कोणता साहित्यविचार? संमेलनांतून आणि स्नेहसंमेलनांतून वऱ्हाडी कवितेला टाळ्या मिळतात हे खरे. पण त्या टाळ्यांत हसण्याचा भाग केवढा आणि ऐकण्याचा केवढा, हे ज्याचे त्याने ठरवावे. बोलीला फक्त विनोदाच्या रात्री व्यासपीठावर बोलवायचे आणि सकाळी वर्गाबाहेर उभे करायचे, याला सन्मान म्हणणे आम्हांला जमत नाही.

बुलढाण्याची महाविद्यालये ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात, ते १९८३ मध्ये अमरावतीत स्थापन झाले आणि आज संत गाडगे बाबांच्या नावाने ओळखले जाते. गाडगे बाबांची कीर्तने वऱ्हाडीत होत. १९५६ साली वांद्र्याला झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी ऐकावे. त्या वाणीतला एक परिच्छेद लिहून काढून आपल्या एखाद्या हायस्कुलात घटक चाचणीची उत्तरपत्रिका म्हणून दिला तर त्याला किती गुण पडतील? मराठी गद्याचा आरंभ आपण ज्या ‘लीळाचरित्रा’पासून सांगतो, त्यात मेहकर आणि लोणारचे उल्लेख आहेत, ते रिद्धपूरला, म्हणजे याच वऱ्हाडात, सिद्ध झाले, त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. इतिहासात वऱ्हाड मराठीचे माहेर, आणि वर्गात वऱ्हाडचे मूल मराठीला पारखे.

मराठीसाठी आपण भांडत नाही असे कोणी म्हणणार नाही. २०१७ मध्ये साहित्य संमेलन आमच्या जिल्ह्यातील हिवरा आश्रमाला देण्यात आले, वाद पेटला, आश्रमाने आमंत्रण मागे घेतले आणि २०१८ चे संमेलन बडोद्याला गेले. त्या वादाची बाजू घेण्याचे हे स्थळ नाही; पण एवढ्या शाईत मेहकर तालुक्यातील शाळकरी मुलांच्या मराठीविषयी एखादे वाक्य खर्ची पडल्याचे आमच्या वाचनात नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला, महाराष्ट्र उसळला, जूनअखेर तो मागे घेतला गेला. तो विरोध योग्यच होता. लहान मुलावर घराबाहेरची भाषा लादू नये, हे तत्त्व त्या वेळी सर्वांना एका रात्रीत पटले होते. तेच तत्त्व ‘मले’ म्हणणाऱ्या मुलाच्या बाजूने उभे करून पाहावे, म्हणजे ते कितपत पटले होते ते कळेल.

आणि हे झाले ज्यांची बोली मराठीचीच आहे त्यांचे. मेहकर-लोणारकडच्या तांड्यांवरून येणारे बंजारा मूल घरी गोरमाटी बोलते. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू आहेत, आणि निहालीही. या निहालीचे नाते कोणत्याही भाषाकुलाशी निर्विवादपणे जोडता आलेले नाही. कायपर या डच पंडिताने तिच्यावर १९६२ मध्ये ग्रंथ लिहिला. आपले शुद्धलेखनाचे नियम शासनमान्य झाले तेच साल. युनेस्को तिला अत्यंत संकटग्रस्त भाषांत गणते. ॲमस्टरडॅममध्ये जिची छाननी होते, ती भाषा आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात शोधू जावी तर ‘मातृभाषा’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द दिसतो: मराठी. आम्ही पाहिलेल्या कितीतरी दाखल्यांवर तो असाच आहे. कोणी दुष्टपणाने लिहिलेला नसतो. मुलाला विचारायचे असते हे कोणाला सुचलेलेच नसते.

सेमी इंग्रजीविषयी थोडक्यात. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे मराठीतून, अशी तुकडी बहुतेक मोठ्या हायस्कुलांत असते. तिच्यात गुणवत्तेच्या यादीतली मुले जातात आणि उरलेल्यांची तुकडी ‘मराठी’ म्हणून ओळखली जाते. माध्यमाचे नाव हेच मागे राहिल्याचे नाव होते. नव्या विद्यार्थ्यासमोर अशी तीन पायऱ्यांची शिडी उभी राहते: वर इंग्रजी, मधे पुस्तकी मराठी, आणि खाली, पायपुसण्याजवळ, त्याच्या आईचे बोलणे.

त्यात आठवी-नववीचा सांधा भलताच निसरडा. शिक्षणहक्क कायद्याचे कवच चौदाव्या वर्षापर्यंत, आठवीपर्यंतच. नववीत दुपारची खिचडी थांबते, मोफत पुस्तके बहुतेकांची थांबतात, आणि ‘बालभारती’ जाऊन ‘कुमारभारती’ हाती येते. मुलींना मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाडीचा आधार असतो, ती वेळेवर आली तर. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणदेखील घरची भाषा किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत, एवढेच म्हणते. आणि नेमके याच टप्प्यावर मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ लिहायला सांगितले जाते. स्वमत! ज्याचे स्वतःचे शब्द एकेक करून खोडले गेले, त्याने आता स्वतःचे मत सांगायचे. ते मूल व्यवहारी असते. बाजारातल्या गाइडात स्वमत तयार मिळते, ते पाठ करून लिहिते, आणि त्यावर लाल रेघ येत नाही. उत्तरपत्रिकांमागून उत्तरपत्रिका एकाच ‘स्वमता’च्या निघतात म्हणून आपण परीक्षक पुन्हा हळहळतो.

आमच्यावर येणारे आक्षेप ठाऊक आहेत. प्रमाण मराठी नको काय? हवी, आणि चांगली हवी. मेहकरला वकिली करत राहिलेल्या ना. घ. देशपांडे यांनी प्रमाण मराठीतच कविता लिहिली, १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तालुक्याच्या गावात राहून ती भाषा आपली करता येते, याला आणखी पुरावा नको. प्रश्न शिकवण्याचा नाही, कशाच्या जागी शिकवण्याचा आहे. इंग्रजी शिकवताना कोणी मुलाला ‘पाणी म्हणू नकोस, ते चूक आहे’ असे सांगत नाही. दुसरा आक्षेप जास्त विचारी आहे: वऱ्हाडी एक कोठे आहे? घाटावर वेगळी, घाटाखाली वेगळी. देऊळगाव राजाची बोली जालन्याकडे झुकते, मलकापूरच्या बोलीला खानदेशचा वास येतो. अगदी खरे. म्हणून तर पुस्तकातून नव्हे, वर्गातूनच सुरुवात करावी लागेल. एकाच बाकावरची दोन मुले एकाच वस्तूला दोन शब्द वापरतात, हे फळ्यावर लिहिले की भाषेच्या अभ्यासाची पहिली तासिका झाली. तिला अनुदान लागत नाही.

आमच्या मागण्या किरकोळ आहेत. पहिल्या सत्रात तरी ‘मले’ खोडू नये. शेजारी ‘मला’ लिहावे, पेन्सिलीने. रजिस्टरातला मातृभाषेचा रकाना मुलाला आणि त्याच्या आईबापांना विचारून भरावा. आणि जे अभ्यासमंडळांवर बसतात त्यांनी ‘धग’ लावण्याच्या पुण्यावर न थांबता, बी.एड.च्या मराठी अध्यापनाच्या पेपरात वऱ्हाडीच्या व्याकरणाचे एक प्रकरण घालावे. ते लिहायला माणसे कोठून आणायची, असे विचारले जाईल. ती आपल्याच विभागांत आहेत. व्यासपीठावर त्यांची मराठी निर्मळ असते. आणि मधल्या सुट्टीत गावाहून आईचा फोन आला की व्हरांड्याच्या टोकाला जाऊन, आवाज खाली आणून, ती अजूनही ‘मले’च म्हणतात.