टॉर्च किती दिवस धरायचा?

घरातला फ्यूज उडाला, की बाईच्या वाट्याला एकच काम येतं, टॉर्च धरायचं. ‘इकडं धर, हलवू नको,’ एवढंच ऐकायचं. फ्यूज का उडाला, असं विचारलं तर, ‘तुला काय करायचंय?’ मिक्सर, गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर, दिवसभर बटणं दाबणारा हात आपला. पण त्या बटणामागं काय चाललंय, हे ठाऊक असणारं डोकं मात्र दुसऱ्याचं. मैत्रिणींनो, ही वाटणी केली कुणी?

हा प्रश्न मला पडला तो चक्क रेसच्या गाडीमुळं. आमचं केनवड रिसोड तालुक्यातलं, वाशीम जिल्ह्यातलं. इथं ट्रॅक्टर दिसतात, सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रं दिसतात. रेसच्या गाडीचं इथं काय काम? पण माझी पुतणी इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजातली मुलंमुली मिळून एका माणसाची, बसकी, उघड्या चाकांची गाडी बनवतात. पाइपांचा सांगाडा आणि त्यात मोटरसायकलचं इंजिन. देशभरातल्या कॉलेजांसाठी ‘सुप्रा’, ‘फॉर्म्युला भारत’ अशा स्पर्धा असतात, त्यांच्यासाठी ही सगळी धडपड.

यंदा सरावासाठी म्हणून सीनिअर मुलांची जुनी गाडी बाहेर काढली. इंजिन धड होतं, पण वायरिंगची पार दैना. जोडावर जोड, सुटलेल्या टेपा, एक तार तर कुठून येते नि कुठं जाते, याचा पत्ताच नाही. कामं वाटली तेव्हा मुलांनी इंजिन घेतलं, ब्रेक घेतले. पुतणीला म्हणाले, ‘तुझं अक्षर छान, तू रिपोर्ट लिही. स्पॉन्सरना पत्रं पाठव.’ ती म्हणाली, ‘मला वायरिंग द्या.’ हसले म्हणे. पण किचकट काम, दुसऱ्या कुणाला नकोच होतं. मिळालं तिला.

दिवाळीच्या सुट्टीत ते सगळं जुनं वायरिंग पोत्यात भरून ती घरी घेऊन आली आणि ओसरीवर पसरून बसली. सासूबाई म्हणाल्या, ‘काय वं, हे कोनाच्या मोटरीचं सोडून आनलं पोरीनं?’

चार दिवस मी तिच्याशेजारी बसले आणि पाहिलं. तिनं आधी एकही तार कापली नाही. प्रत्येक तारेला चिठ्ठी लावली, मोठ्या कागदावर नकाशा काढला, मग ठरवलं काय ठेवायचं नि काय टाकायचं. रेसच्या गाडीला रेडिओ नको, वायपर नको. जेवढ्या तारा कमी, तेवढ्या बिघाडाच्या जागा कमी. मग प्रत्येक वस्तूला किती करंट लागतो त्याचा हिशेब. १२ व्होल्टवर ६० वॉटचा दिवा ५ अँपिअर घेतो. त्यावरून तारेची जाडी ठरते आणि तारेवरून फ्यूज. मला वाटायचं, फ्यूज दिव्याला वाचवतो. ती म्हणाली, ‘काकू, फ्यूज तारेला वाचवतो. तार तापून पेटू नये म्हणून तो आधी जळतो.’

पंखा आणि पेट्रोलचा पंप यांना रिले, म्हणजे छोट्या बटणानं मोठा करंट चालू-बंद करायची सोय. जिथं गाडी सतत हादरते तिथं डाग देऊन केलेला जोड कडेला तुटतो, म्हणून तिथं पक्कडीनं दाबून बसवायची टोकं. तार सायलेन्सरपासून लांब न्यायची, पत्र्याच्या भोकातून नेताना रबराची कडी घालायची. आणि सगळ्यात महत्त्वाचा मास्टर स्विच. अपघात झाला तर बाहेरच्या माणसालाही तो एका झटक्यात बंद करता आला पाहिजे आणि इंजिनही थांबलं पाहिजे.

कामाला बसताना ती अंगठी नि धातूचं कडं काढून ठेवायची. १२ व्होल्टचा झटका फारसा जाणवत नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये सोन्याची बांगडी अडकली तर क्षणात लाल होऊन हात भाजते. हे आपल्याला कुणी सांगितलं होतं का?

शेजारच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, ‘बायकांचा हात नाजूकच, विणकामासारखंच की हे.’ मला हे कौतुक पटत नाही. नाजूक हाताचं नाही, शिकलेल्या डोक्याचं हे काम आहे. ‘तुझं अक्षर छान’ आणि ‘तुझा हात नाजूक’ ही दोन्ही वाक्यं दिसायला गोड, पण पोरीला एका कोपऱ्यात बसवणारीच.

बाईला हे जमतं का, हा प्रश्न तर केव्हाच निकालात निघालाय. १८८८ साली जर्मनीत बर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्यानं बनवलेल्या मोटारीतून शंभरावर किलोमीटर गेली. वाटेत इग्निशनच्या तारेचं आवरण घासलं, तेव्हा तिनं मोज्याचा इलॅस्टिकचा पट्टा गुंडाळून तार झाकली आणि पुढं निघाली. आपल्याकडं ए. ललिता १९४३ साली मद्रास प्रांतात गिंडीच्या कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या, त्याही लहान मुलीला वाढवणाऱ्या विधवा असताना. पुण्याच्या डायना पंडोले या दोन मुलांच्या आईनं २०२४ मध्ये कार रेसिंगची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. तरी आजही मुलगी स्टिअरिंग धरते तेव्हा फोटो निघतो आणि पान्याकडं हात नेला की, ‘राहू दे, तू नको.’

आता कुणी म्हणेल, रेसच्या गाडीचं आम्हाला काय? आहे ना! फ्यूज तारेला वाचवतो हे कळलेली बाई फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळू देणार नाही. अर्थिंग म्हणजे काय हे समजलेली बाई पाण्याच्या मोटरीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ‘होतं असं’ म्हणून गप्प बसणार नाही. शेतात ओल्या हातानं स्टार्टर दाबणाऱ्या नवऱ्याला, पोराला ती अडवेल. घरातली वीज २३० व्होल्टची, ती जीव घेते. म्हणूनच उगाच बोर्ड उघडायला मी सांगत नाहीये, शिकायला सांगतेय.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, वायरमन हे ट्रेड मुलींनाही खुले आहेत. महावितरणमध्ये महिला तंत्रज्ञ खांबावर चढून काम करतात. मग मुलगी दहावी झाली, की आपण फक्त शिवणक्लासचीच चौकशी का करतो? आणि कॉलेजातल्या मास्तरांनाही एक विनंती. संघाची कामं आळीपाळीनं द्या. एका वर्षी मुलांनी रिपोर्ट लिहावा, मुलींनी इंजिन खोलावं.

पुतणीच्या गाडीत पहिल्या दिवशी पंखाच फिरेना. मुलं म्हणाली, रिले गेला. तिनं मल्टीमीटर लावला. अर्थची तार रंग दिलेल्या पट्टीवर कसलेली होती. रंग खरवडला, पंखा फिरला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी एक मुलगा आपण होऊन म्हणाला, ‘मला दाखव ना कसं मोजायचं ते.’

मला तेवढं पुरे. तुमच्या घरातल्या मुलीला यंदा वाढदिवसाला ड्रेस घ्याच, पण सोबत एक साधा मल्टीमीटरही घ्या. आणि तो कसा वापरायचा, ते तिच्याकडून तुम्हीही शिका.