'जुगाड' नव्हे, रचना

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, एक नांदेडचे आणि एक लातूरचे. आम्हाला एका शब्दाविषयी तक्रार नोंदवायची आहे. तो शब्द म्हणजे 'जुगाड'. हिंदीतून आलेला हा शब्द गेल्या दोन दशकांत बराच प्रतिष्ठित झाला. २०१२ साली त्याच्या नावाने व्यवस्थापनशास्त्राचा एक इंग्रजी ग्रंथही गाजला. एखाद्या कारागिराने काही नवे घडवले की आपण 'काय जुगाड केलाय!' असे म्हणतो आणि पुढे निघतो. या कौतुकातच एक अवमूल्यन दडलेले आहे, असे आमचे मत आहे. ते स्पष्ट करण्यासाठी एका इंजिनाचे उदाहरण घेऊ.

आपल्याकडे बुलेट दिसण्याआधी ऐकू येते. तिचे इंजिन एकाच सिलिंडरचे. असे दोन सिलिंडर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे तिरपे मांडून नवे इंजिन घडवण्याचे धाडस काही मोजक्या माणसांनी केले. ऑस्ट्रेलियातील पॉल कार्बेरी यांनी ५५ अंशांच्या कोनातले, सुमारे १००० सीसीचे इंजिन घडवले; ते काम पुढे छत्तीसगडमधील भिलाईला आले. अमेरिकेतील ओहायो राज्यात राहून अनिकेत वर्धन या भारतीय अभिकल्पकाने 'मस्केट' नावाचे इंजिन सिद्ध केले. त्याच्या ओतकामासाठी लागणारे लाकडी पॅटर्न त्यांनी स्वतः हाताने घडवले. ४९९ आणि ४९९ मिळून ९९८ सीसी.

ही बेरीज कागदावर सोपी आहे. प्रत्यक्षात बुलेटचे दोन सिलिंडर शेजारी आणून जोडले, तर काहीच फिरणार नाही. दोन्ही पिस्टनांचे कनेक्टिंग रॉड पेलणारा क्रँक नवा लागतो. त्याला सामावणारी क्रँककेस नवी लागते. व्हॉल्व्ह योग्य क्षणी उघडणारे कॅम नव्याने बसवावे लागतात. मागच्या सिलिंडरला वारा कमी मिळतो, त्याचाही विचार करावा लागतो. म्हणजे वरचे भाग जुने, ओळखीचे. पण त्यांना एकत्र धरणारे केंद्र सर्वस्वी नवे. जुगाड हाताशी आहे त्यावर वेळ भागवतो. इथे वेळ भागवलेली नाही, अंतर्गत संगती निर्माण केलेली आहे. साहित्याच्या वर्गात आपण यालाच 'रचना' म्हणतो.

छंदःशास्त्र शिकलेल्यांना यातली आणखी एक गोष्ट चटकन उमगेल. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदा स्फोट होतो. दोन सिलिंडर असले की या ७२० अंशांची विभागणी कशी करायची, हा प्रश्न उभा राहतो. दोन्ही रॉड एकाच क्रँकपिनवर असतील, तर ९० अंशांच्या 'व्ही'मध्ये ती २७० आणि ४५० अशी होते. हार्लेच्या ४५ अंशांत ३१५ आणि ४०५ अशी. कानाला जाणवणारी ती अडखळती लय या विषम विभागणीतून येते. रॉयल एनफिल्डने २०१८ साली बाजारात आणलेल्या ६५० सीसीच्या इंजिनात दोन्ही सिलिंडर शेजारी शेजारी उभे आहेत. तरी क्रँकची रचना बदलून तिथेही २७०-४५० हीच लय साधलेली आहे. यतिस्थान कुठे ठेवायचे, याचा हा निर्णय आहे. तो योगायोगाने होत नाही.

आता आमचा स्वतःचा अपराध. संध्याकाळी गॅरेजमध्ये काम करणारी मुले आमच्या वर्गांत नेहमीच असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका विद्यार्थ्याने निबंधात आपल्या उस्तादाविषयी लिहिले होते. हेड उतरवणे, बोअर करणे, आटे जाणे, नुसत्या ठोक्यावरून बिघाड ओळखणे, असे सगळे त्यात होते. आम्ही त्या शब्दांखाली लाल रेघा ओढल्या आणि समासात 'विषयांतर' असा शेरा दिला. नंतरचे त्याचे सगळे निबंध निर्दोष होते, आणि त्यांत तो कुठेच नव्हता.

वास्तविक आपल्या परंपरेचा दाखला याच्या नेमका उलट आहे. तेरला संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, असे परंपरा सांगते. कुंभाराचे हत्यार तिथे परीक्षणाचे मानदंड झाले आणि त्याच्या धंद्यातला शब्द थेट मराठीच्या समीक्षाबुद्धीत शिरला. नामदेव शिंपी, सावता माळी, नरहरी सोनार यांच्या व्यवसायांचे शब्द आपण आदराने शिकवतो. मग ठोका ऐकून इंजिनाचे दुखणे सांगणाऱ्या उस्तादाचे शब्द आपल्याला अशुद्ध का वाटावेत?

गॅरेजमधला प्रत्येक प्रयोग थोर असतो, असा आमचा दावा नाही. तारेने बांधलेला सायलेन्सर हा जुगाडच, आणि अडल्या वेळी तोही हवाच. पण सर्वांना एकच शब्द लावला की बरे-वाईट निवडण्याची जबाबदारी संपते. समीक्षा मरते ती अशीच. मराठी विभागांनी देगलूर नाक्यावरची आणि औसा रोडवरची गॅरेजची भाषा नोंदवून ठेवावी, तिचा कोश करावा, विद्यार्थ्यांना तिच्यात लिहू द्यावे. त्या मुलाची उत्तरपत्रिका आज आमच्याकडे नाही. असती, तर 'विषयांतर' खोडून तिथे 'विषय' असे लिहिले असते.