कपाटातला मराठवाडा

आज १८ मे, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७ पासून तो जगभर पाळला जातो. जुना ठेवा म्हटले की अंबाजोगाईकरांना दासोपंतांची पासोडी आठवते, हत्तीखान्याची लेणी आठवतात. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतली जुनी कपाटे कुणाच्या ध्यानात येत नाहीत. दाबून वाळवलेल्या वनस्पती, टाचणीला लावलेले कीटक, फॉर्मालिनमध्ये बुडवलेले साप-सरडे; मराठवाड्यातल्या जुन्या महाविद्यालयांत हा ऐवज डांबरगोळ्यांच्या वासात पडून असतो. मे महिन्यात रंगरंगोटी निघते, कपाटे हलतात आणि त्यातला काही भाग दरवर्षी भंगारात जातो. हे थांबले पाहिजे.

आपल्या भागासाठी ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होते आणि निजामाच्या राज्यात होते, म्हणजे कुक यांच्या हद्दीबाहेर. डॉ. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ आला तो १९९८ मध्ये. मधल्या नव्वद वर्षांत बालाघाटाच्या कुठल्या उतारावर कोणत्या महिन्यात काय फुलले, याचा पुरावा राहिला असेल तर तो शिक्षक-विद्यार्थ्यांनी सहलींतून आणलेल्या अशाच नमुन्यांत. पाऊस मागेपुढे होऊ लागला तसा फुलोराही सरकला का, हे विचारायचे तर जुनी तारीख हाताशी हवी.

नमुन्याचे मोल त्याच्या लेबलात असते. रानपिंगळ्याचे उदाहरण तर महाराष्ट्रातलेच आहे. १८८४ नंतर या घुबडाचा खरा नमुना कुणाला मिळाला नव्हता. मात्र रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये तो गुजरातेत मिळवल्याचे लेबल लावून ठेवले होते. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना उलगडून तपासला, तेव्हा जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला पक्षी संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोट्या लेबलासह ठेवल्याचे उघड झाले. खोटी नोंद बाजूला सारून शोध खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला! ही चोरी नुसत्या छायाचित्रावरून पकडता आली नसती. त्यासाठी कातडीची शिवण आणि आतला कापूस बघावा लागला. म्हणून छायाचित्र काढले की मूळ नमुना टाकून द्यायला हरकत नाही, असे कुणी म्हणाले तर ते ऐकू नये. वाळल्या पानातून आज डीएनए काढता येतो, फोटोतून नाही.

तरीही छायाचित्रे हवीतच. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये जळाले, ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय सप्टेंबर २०१८ मध्ये. आमच्याकडे आगीचीही गरज नाही. वाळवी आणि गळके छप्पर पुरते. शिवाय परळीच्या किंवा केजच्या विद्यार्थ्याला नमुना बघायला कोलकाता गाठणे परवडत नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०२२ मध्ये आभासी वनस्पतिसंग्रह खुला केला, तेव्हा त्यात सुमारे १ लाख छायाचित्रे होती. हे काम मोठेच आहे, पण त्यात तालुक्याच्या गावातले कपाट आपोआप येणार नाही.

खर्चाची सबब इथे टिकत नाही. स्थिर स्टँड, सारखा उजेड, शेजारी मोजपट्टी व रंगपट्टी आणि बरा कॅमेरा, एवढ्यावर सुरुवात होते. प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्यावा, लेबल पूर्ण दिसेल असे छायाचित्र घ्यावे, मजकूर जसाच्या तसा टाइप करावा, प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. जुन्या वनस्पतींना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावण्याची पद्धत होती. ते विष आहे, तेव्हा हातमोजे आणि मुखपट्टी न घालता मुलांच्या हाती ते कागद देऊ नयेत. दुर्मीळ वनस्पतीचे नेमके ठिकाणही जाहीर करू नये, नाहीतर ती उपटून नेणाऱ्यालाच वाट दाखवल्यासारखे होईल.

सर्वांत अवघड काम मात्र यंत्राचे नाही. लेबलावर मोमिनाबाद असेल, नुसते ‘मुकुंदराज दरी’ असेल, एखाद्या ओढ्याचे वा शेताचे नाव असेल. ती जागा आजच्या नकाशावर नेमकी कुठे, हे सांगू शकतील ते त्या सहलींना गेलेले शिक्षक, आणि ते आता निवृत्त झाले आहेत. प्राचार्यांनी या सुट्टीत रंगारी बोलावण्याआधी त्यांना बोलावावे, त्यांच्यासमोर कपाटे उघडावीत आणि जूनचा पाऊस लागायच्या आत निदान लेबलांची छायाचित्रे पुरी करावीत.