वीस आठवड्यांची वेस

४ ऑगस्ट २००८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकेता मेहता यांचा अर्ज फेटाळला. त्यांच्या गर्भाच्या हृदयात पूर्ण अवरोध होता, महावाहिन्यांची जागाही चुकली होती. पण हे कळेपर्यंत १९७१च्या कायद्याने आखलेली वीस आठवड्यांची वेस ओलांडली गेली होती. मूल गंभीररीत्या अपंग होईलच असे तज्ज्ञांनी निःसंदिग्धपणे म्हटलेले नाही, यावर न्यायालयाने बोट ठेवले. त्याच महिन्यात गर्भपात आपोआप झाला. मातृत्वाच्या व्याख्या करणाऱ्यांची तेव्हा जी झुंबड उडाली, तीत पेसमेकरवरच्या बाळाचा आयुष्यभराचा सांभाळ कोणी करायचा हा साधा प्रश्न मागेच राहिला, असे आम्हांला वाटते.

२०२१च्या दुरुस्तीने, वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचे निदान केल्यास, आठवड्यांची मर्यादा उठवली. अर्जदारांपैकी एक असलेल्या डॉ. निखिल दातारांसारख्यांनी हा प्रश्न लावून धरला, त्याचे हे फळ. पण खर्ड्यातून पाहू जाता हा हक्क फार दूरचा भासतो. मंडळापुढे जायचे तर आधी दोष दिसायला हवा. हृदयाचे चार कप्पे दिसले की तपासणी आटोपली, असे मानून चालत नाही. महावाहिन्यांची अदलाबदल झाली असली तरी कप्पे बहुधा ठीकच दिसतात. वाहिन्या कोठून निघतात हे अठराव्या ते विसाव्या आठवड्यात पाहणारा शिकलेला डोळा लागतो. आमच्या जामखेड तालुक्यात आरोळे दांपत्याने १९७० साली निरक्षर बायकांच्या हाती आरोग्याचे ज्ञान सोपवण्यास आरंभ केला. अशा तालुक्याने एवढी मागणी करणे काही जगावेगळे नाही.

शिवाय निदान म्हणजे गर्भपात, हे समीकरणच खोटे आहे. वाहिन्यांची अदलाबदल आधी कळली, तर बाळंतपण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या शहरात करता येते. जन्मतःच औषधाने एक वाहिनी उघडी ठेवून पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया होते, आणि अशी बहुतेक मुले जगतात. न कळल्यास निळे पडू लागलेले बाळ घेऊन खर्ड्याहून गाडी शोधत निघावे लागते. आणि घरी मागे राहिलेल्या वडीलधाऱ्या बायका, ग्रहणात सुनेने विळी हाती धरली होती का, याची चौकशी करीत बसतात.