ओळख पटते, मग भरपाई का अडते?



रत्नागिरीजवळ पावसला आंब्याचे बागायतदार आम्हाला एकच गाऱ्हाणे सांगतात : परराज्यातला आंबा आमच्या हापूसच्या नावावर खपतो. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी त्यांची झुंज चालूच आहे. पण आंबा निदान चाखल्यावर कळतो. कपाशी-ज्वारीच्या पिशवीतले बियाणे कळते ते हंगाम हातचा गेल्यावर.

तक्रार केली की उत्तर ठरलेले : पाऊस कमी, जमीन हलकी, खत चुकले. उंची, पान, कणीस पाऊसमानाने बदलते, हे खरेच. म्हणून तर शास्त्रज्ञ प्रथिनांकडे वळले. आम्ही हे शेतकी कॉलेजात शिकलो. मक्याच्या तुऱ्यातले परागकण घ्यायचे, त्यातली प्रथिने जेलच्या थरातून विजेच्या जोरावर पळवायची. लहान प्रथिन पुढे जाते, मोठे मागे राहते, रेघा उमटतात. त्या रेघा ताडून वाणांची तुलना होते.

परागासाठी तुरा येईपर्यंत थांबायचे, तर तोवर आपला पैसा मातीत गेलेला. पण दाण्यातही प्रथिने आहेत : मक्यात झेइन, ज्वारीत काफिरिन. ती तपासायला पेरावे लागत नाही. कपाशीत बीटीचे प्रथिन आहे की नाही, हे चाचणीच्या पट्टीवर काही मिनिटांत दिसते. वाण कोणता हे मात्र ती पट्टी सांगत नाही.

मग ही विद्या कोणाच्या कामी येते? २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली नवा वाण नोंदवताना वेगळेपण, एकसारखेपणा, स्थैर्य काटेकोर तपासतात. मालकी ठरवताना वाणाची ओळख पक्की. नुकसान ठरवताना दोष पावसाचा! त्याच कायद्याचे कलम ३९ सांगते : नोंदलेल्या वाणाने सांगितल्यासारखे पीक दिले नाही, तर शेतकरी भरपाई मागू शकतो. २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानले. तपासणीसाठी त्याने बियाणे राखून ठेवावे, ही अपेक्षाही धरता येत नाही, असे सांगितले.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. विक्रीआधी प्रत्येक लॉटचा नमुना सीलबंद ठेवा. तक्रार आली की तो शेतकऱ्यासमोर फोडून तपासा. वाण जुळला नाही, तर भरपाई द्या. ही भीक नव्हे, घामाच्या दामाचा हिशेब आहे.

आणि आपण? पावती, पिशवी, खूणचिठ्ठी जपून ठेवायची. पुराव्याशिवाय पंचनामा कोरा राहतो.